कडू पाला आणि गोड रोग

पावसाळा लागला की बडोद्याच्या आसपास शेतांच्या बांधावर मामेजवो उगवतो. वीत-दीड वीत उंचीचे, पानांच्या बगलेत बारीक पांढरी फुले धरणारे हे रोप इतके कडू, की कारले त्यापुढे गोड वाटावे. आपल्या आज्या-पणज्यांनी येथल्या शेजारणींकडून जे काही उचलले, त्यात डाळीत जरा जास्तच गूळ घालणे आले आणि त्या गुळाचा बंदोबस्त म्हणून मामेजवोचा काढाही आला. आमच्या घरी दोन्ही गोष्टी नेमाने चालत.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या काकांनी त्यात एक भर घातली. काढ्याने साखर उतरते असे कोणीतरी छातीठोकपणे सांगितले, म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. घरात कोणाला सांगितले नाही. चार महिन्यांनी चपलेचा अंगठा लागून पायाला जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी दोन बोटे काढावी लागली. तेव्हापासून आम्हा भावंडांना एकच प्रश्न पडला आहे : हा पाला खोटा होता, की आम्ही तो खोट्या जागी वापरला? आम्ही वैद्य नाही, सरकारी कचेरीतले माणूस. जुने कागद चाळायची सवय तेवढी आहे. त्या सवयीने जे हाती लागले ते येथे मांडतो.

रोग आपल्याकडे जुना. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, त्यांत मधुमेह एक. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या जुन्या वैद्यांनी टिपून ठेवले होते. एक रोगी जन्मजात आणि कृश, दुसरा अपथ्याने झालेला आणि स्थूल, हा भेदही सुश्रुताने केला. आजच्या टाइप एक आणि टाइप दोनशी तो तंतोतंत जुळतो असे नाही, पण नजर तीच. उपाय वाचले तर हसू येते आणि आदरही वाटतो. गरीब रोग्याने पादत्राण व छत्री न घेता, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावे, नाहीतर विहीर खणावी! वनस्पतींचे काढे तेथे आहेतच, पण ते चालण्याच्या आणि खाण्यावरच्या बंधनांच्या सोबतीने. आपण नेमका काढा तेवढा उचलला, विहीर तशीच राहिली.

दुसरा प्रसिद्ध पाला गुडमारचा, म्हणजे मधुनाशिनीचा. आपल्याकडे याला बेडकीचा पाला म्हणतात. हा वेल आहे. १८४७ च्या सुमारास एजवर्थ नावाच्या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याची नोंद प्रसिद्ध झाली, की हा पाला चावल्यावर साखरेची गोडी जिभेला कळतच नाही. पुढे १८८७ मध्ये उटकमंडला सिंकोना-क्विनीनचे काम पाहणाऱ्या डेव्हिड हूपर यांनी पानांतून हा गुण असलेले द्रव्य वेगळे केले. त्याला जिम्नेमिक आम्ल म्हणतात. प्रयोग घरी करण्यासारखा आहे : पान चावा आणि मग मोदक खा, आतले सारण भुश्श्यासारखे लागेल. (गणपतीच्या दिवसांत हा उद्योग करू नये, हे आमचे मत.) पण जिभेला गोड न कळणे वेगळे आणि रक्तातली साखर उतरणे वेगळे. नावामुळेच गुडमारला अर्धे श्रेय फुकट मिळाले, असे आम्हाला वाटते.

येथे आपल्या बडोद्याचा संबंध येतो. १९०९ साली बडोद्यात जे मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष होते कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. टेनिसनच्या काव्यावरून ‘इंदिरा’ लिहिणारे म्हणून ते साहित्यिकांत ओळखले जातात. पण पेशाने ते लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल, आणि मनाने वनस्पतीशास्त्रज्ञ. मेजर बामनदास बसू यांच्यासह त्यांनी केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ १९१८ मध्ये निघाला. तो पाहायला कीर्तिकर उरले नव्हते, आदल्याच वर्षी ते वारले. आपल्या संमेलनाचा अध्यक्ष हे काम करून गेला, याची आठवण आम्ही बडोदेकर फारशी काढत नाही.

त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९३० नंतर निघाली. ती सुधारणाऱ्यांत डॉ. कृष्णाजी श्रीपाद म्हसकर आणि फ्रेंच जेझुइट पाद्री कायस हे दोघे होते, आणि याच जोडीने १९३० मध्ये गुडमारवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना प्राण्यांमध्ये रक्तशर्करा उतरलेली दिसली. पाला स्वादुपिंडाला चेतवून इन्सुलिन वाढवत असावा, असा त्यांचा कयास. गंमत अशी, की दोनच वर्षांपूर्वी कलकत्त्यात रामनाथ चोप्रांच्या गटाने मधुमेही रोग्यांना हाच पाला दिला होता, आणि त्यांना विशेष गुण दिसला नव्हता. १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी गुडमारच्या अर्काचा २२ रोग्यांवर दीड-पावणेदोन वर्षांचा अनुभव छापला. त्यात साखर उतरली, काहींच्या गोळ्या कमी झाल्या. पण रोगी २२, आणि पाला नव्हे, ठराविक मापाचा अर्क, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आमच्या काकांच्या पेल्यात यातले काहीच नव्हते.

मामेजवोवर तर आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात काम झाले. २००० साली व पुढे प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत मधुमेही उंदरांची साखर अर्काने उतरली. म्हणजे आज्या अगदीच चुकल्या नव्हत्या.

पाल्यातून खरोखरची गोळी निघते, याचे उदाहरण युरोपातले. गॅलेगा नावाच्या झुडपात साखर उतरवणारे द्रव्य आहे, पण ते विषारी, मेंढ्या मरतात. त्याच जातीचे, तुलनेने निर्धोक मेटफॉर्मिन १९२२ मध्ये रसायनशाळेत तयार झाले आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. आपल्यापैकी अनेकांच्या डबीत आज असते ती हीच गोळी. काकांनी बंद केली तीही हीच. एका झाडाच्या भरवशावर दुसऱ्या झाडाचे औषध त्यांनी टाकले होते!

आता बाजारात हर्बल टीची पाकिटे आली आहेत, मधुमेहावरची चूर्णे आली आहेत. अशा काही चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी डॉक्टरी औषधे गुपचूप मिसळलेली तपासणीत सापडली आहेत. गुण लगेच दिसला तर आम्हाला आता आनंदाऐवजी शंका येते.

काकू अजूनही पहिल्या पावसानंतर मामेजवो आणतात. फरक एवढाच, की डॉक्टरांना त्यांनी ते सांगितले आहे. गोळी आणि काढा मिळून साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी घरी यंत्रावर मोजून वहीत आकडे लिहायला सांगितले. वहीत तारीख, उपाशीपोटीची साखर आणि शेवटच्या रकान्यात काकूंच्या अक्षरात ‘काढा घेतला’ किंवा ‘नाही’. काका आकडे वाचून दाखवतात, चष्मा कपाळावर चढवून, पाय स्टुलावर ठेवून.