कोर्स फिशिंग

कोर्स फिशिंग म्हणजे सॅमन, ट्राउट व चार हे मासे वगळून गोड्या पाण्यातील इतर मासे गळाने पकडण्याचा, मुख्यत्वे ब्रिटन व आयर्लंडमध्ये रूढ असलेला छंद व खेळ होय. नद्या, तळी, जलाशय आणि कालवे या सर्व ठिकाणी तो खेळला जातो. पकडलेला मासा बहुधा जिवंतच पाण्यात परत सोडला जातो, हे त्याचे ठळक वैशिष्ट्य आहे. मासा घरी न्यायचा नसल्यामुळे या छंदाचा सारा आधार पाण्यातील माशांच्या संख्येवर व आरोग्यावर असतो. त्यामुळेच मासेमारीचे परवाने, बंद हंगाम, साधनांवरील निर्बंध आणि नदीप्रदूषणाविरुद्धचे न्यायालयीन लढे हे या छंदाच्या इतिहासाचे अविभाज्य भाग आहेत.

नाव व व्याप्ती

‘कोर्स’ या इंग्रजी शब्दाचा येथील अर्थ भरड किंवा जाडाभरडा असा आहे. अभ्यासक्रम या अर्थाचा समान उच्चाराचा शब्द येथे अभिप्रेत नाही. ब्रिटनमध्ये सॅमन व ट्राउट यांना ‘गेम फिश’ म्हणजे शिकारीचे मासे म्हणतात. त्यांच्या तुलनेत इतर माशांचे मांस खाण्यास कमी प्रतीचे समजले जाई, यावरून ‘कोर्स फिश’ हे नाव पडले असे सामान्यतः मानले जाते. समुद्रातील गळाची मासेमारी हा तिसरा, वेगळा प्रकार होय.

या विभागणीला सामाजिक बाजूही होती. सॅमनच्या नद्यांवरील मासेमारीचे हक्क महाग असत आणि ते बहुधा जमीनदार व धनिकांकडे असत. याउलट शहरांलगतच्या संथ नद्या, कालवे व तळी येथील मासेमारी कामगारांना परवडण्याजोगी होती. ग्रेलिंग हा मासा ट्राउटच्या कुलातील असूनही कोर्स माशांप्रमाणे वसंत ऋतूत अंडी घालतो. त्यामुळे दोन्ही प्रकारचे मासेमार त्याला आपला मानतात.

इतिहास

गळाने मासे धरण्याविषयीचा एक इंग्रजी प्रबंध १४९६ मध्ये छापला गेला. परंपरेने तो डेम ज्युलियाना बर्नर्स हिचा मानला जातो. आयझॅक वॉल्टन याचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे पुस्तक १६५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ट्राउटबरोबरच चब, पाईक, कार्प, ब्रीम इत्यादी माशांचेही विवेचन आहे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वेमुळे औद्योगिक शहरांतील कामगारांना सुटीच्या दिवशी दूरच्या नद्यांवर जाता येऊ लागले आणि मासेमारांचे क्लब वाढले. शेफील्ड हे अशा क्लबांचे मोठे केंद्र होते. तेथील खासदार अँथनी जॉन मंडेला यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायासंबंधीचा कायदा संमत झाला आणि कोर्स माशांना प्रजननकाळात प्रथमच व्यापक कायदेशीर संरक्षण मिळाले. नॅशनल फेडरेशन ऑफ अँग्लर्स ही संघटना १९०३ मध्ये स्थापन झाली. २००९ मध्ये इतर संघटनांसह ती अँग्लिंग ट्रस्ट या संस्थेत विलीन झाली.

१३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर पूल या लहानशा तळ्यात ४४ पौंड (सुमारे २० किलो) वजनाचा कार्प पकडला. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवण्यात आला व ‘क्लॅरिसा’ या नावाने प्रसिद्ध झाला. एवढा मोठा कार्प गळाने पकडता येत नाही हा समज या घटनेने मोडला आणि माशाच्या सवयींचा पद्धतशीर अभ्यास करून मासेमारी करण्याची दृष्टी रुजली.

प्रमुख मासे

रोच, रड, ब्रीम, टेंच, कार्प, चब, डेस, बार्बेल व गजन हे कार्पच्या गटातील मासे आहेत. पर्च, पाईक व झँडर हे इतर मासे खाणारे शिकारी मासे होत. ईल हा सापासारखा लांब मासाही याच वर्गात धरला जातो.

बार्बेल हा मूळचा इंग्लंडच्या पूर्वेकडे वाहणाऱ्या टेम्स, ट्रेंट इत्यादी नद्यांतील मासा आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना ब्रिटन युरोपला जोडलेला होता व या नद्यांचा ऱ्हाईनच्या जलप्रणालीशी संबंध होता; बार्बेलच्या या प्रसाराचे स्पष्टीकरण त्यावरून दिले जाते. पश्चिमेकडील सेव्हर्न नदीत तो १९५६ मध्ये केनेट नदीतून आणून सोडण्यात आला. कार्प मध्ययुगाच्या अखेरीस युरोप खंडातून इंग्लंडमध्ये आणला गेला. झँडर १९६३ मध्ये ग्रेट ऊझच्या पूरनियंत्रण कालव्यात सोडण्यात आला आणि तेथून पसरला.

साधने व आमिष

काठी, रीळ, तंगूस, फ्लोट, वजन आणि गळ ही मूलभूत साधने होत. फ्लोट म्हणजे पाण्यावर तरंगणारा लहान बोया. तो बुडाला, सरकला किंवा आडवा झाला की मासा लागल्याचे कळते. फ्लोट सरळ उभा राहावा व आमिष योग्य खोलीवर जावे यासाठी तंगुसावर चिरलेले छर्रे दाबून बसवतात. तळाशी आमिष ठेवण्याच्या पद्धतीला लेजरिंग म्हणतात. तीत फ्लोट नसतो. काठीच्या नाजूक टोकाच्या थरथरीवरून किंवा विजेवर चालणाऱ्या सूचकाच्या आवाजावरून मासा लागल्याचे समजते. पोल ही रीळ नसलेली, तुकडे जोडून वाढवता येणारी कार्बन तंतूंची लांब काठी असते. तिची लांबी १६ मीटरपर्यंत असू शकते.

माशीच्या अळ्या, त्यांचे कोश, गांडुळे, पाव, मक्याचे गोड दाणे, भांगेचे शिजवलेले बी, डबाबंद मांसाचे तुकडे आणि कृत्रिम गोळ्या यांचा आमिष म्हणून वापर होतो. पाईकसाठी मेलेले मासे किंवा माशासारखी दिसणारी कृत्रिम आमिषे वापरतात. मासे एका जागी जमावेत म्हणून पाण्यात टाकल्या जाणाऱ्या मिश्रणास चारा म्हणतात. पावाचा चुरा हा त्याचा नेहमीचा घटक होय.

दिवसाचा क्रम

उन्हाळ्यात पहाट व संध्याकाळ या वेळा उत्तम समजल्या जातात. हिवाळ्यात पाणी थोडे तापल्यावर, दुपारच्या सुमारास मासे अधिक खातात. काठावरील बसण्याच्या जागेला पेग व तिच्यासमोरील पाण्याच्या पट्ट्याला स्विम म्हणतात. जागा निवडल्यावर प्रथम गळाला शिशाविना बनवलेले वजन लावून तळाची खोली मोजली जाते. खोली कळल्याशिवाय फ्लोट नीट लावता येत नाही. त्यानंतर चारा टाकतात. सुरुवातीसच फार चारा टाकल्यास माशांचे पोट भरते, म्हणून थोडा थोडा आणि सातत्याने चारा टाकणे हे या खेळातील मुख्य कौशल्य मानले जाते.

नदीवर प्रवाह महत्त्वाचा असतो. फ्लोट प्रवाहाबरोबर वाहू देऊन आमिष नैसर्गिकपणे खाली नेण्याच्या पद्धतीला ट्रॉटिंग म्हणतात. वेगवान व संथ पाण्याच्या सीमारेषेवर, बुडालेल्या झाडांजवळ व नदीच्या वळणांवर मासे आश्रय घेतात. तळ्यात प्रवाह नसल्याने वाऱ्याची दिशा, पाणवनस्पती व तळातील उंचवटे पाहिले जातात. टेंच व ब्रीम तळातील चिखल उकरून खातात. तेव्हा वर येणारे बुडबुडे त्यांची जागा दाखवतात. कालव्यात मध्यभागी नौकांमुळे खोल झालेला पट्टा आणि दोन्ही कडांना उथळ पायऱ्या असतात. नौका गेल्यावर पाणी काही वेळ गढूळ होते व हलते, आणि मासे अनेकदा पलीकडच्या काठाच्या झुडपांखाली सापडतात.

मासा लागल्यावर काठीला बेताचा हिसका देऊन गळ रुतवतात, मासा थकू लागताच लांब दांड्याच्या हातजाळ्यात घेतात, हात ओले करून गळ काढतात व त्यास पाण्यात सोडतात. वजन पारंपरिकपणे पौंड व औंस यांत सांगितले जाते. २ पौंडांचा (सुमारे ९०० ग्रॅम) रोच हा अनेकांना आयुष्यात एखाद्याच वेळी मिळतो; कार्पसाठी मात्र हे वजन किरकोळ असते. म्हणून यश केवळ वजनावर नव्हे, तर त्या जातीच्या मानाने ठरते.

परवाना व बंद हंगाम

इंग्लंडमध्ये १३ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तीला गोड्या पाण्यात काठीने मासेमारी करण्यासाठी एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा परवाना लागतो. १३ ते १६ वर्षांच्या मुलांना तो विनामूल्य मिळतो. विनापरवाना मासेमारी केल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. परवाना असला तरी पाण्याच्या मालकाची किंवा हक्कधारक क्लबची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. ती बहुधा दिवसाच्या तिकिटाने किंवा क्लबच्या सभासदत्वाने मिळते. स्कॉटलंडमध्ये कोर्स माशांसाठी असा सर्वसाधारण परवाना नाही.

इंग्लंड व वेल्समधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून हा बंद हंगाम असतो. बहुतेक कोर्स मासे याच काळात अंडी घालतात. बहुसंख्य तळ्यांवरील बंद हंगाम १९९५ मध्ये व कालव्यांवरील २००० मध्ये उठवण्यात आला. काही संरक्षित ठिकाणी तो कायम आहे. नद्यांवरील हंगाम उघडण्याचा १६ जून हा दिवस मासेमार उत्सवासारखा पाळतात आणि अनेक जण मध्यरात्रीच पहिला गळ टाकतात.

माशांची काळजी

इंग्लंडमधील नियमांनुसार नदीतून मर्यादित संख्येने लहान मासे नेण्यास मुभा आहे, परंतु ईल मासा मात्र सोडावाच लागतो. प्रत्यक्षात बहुतेक क्लब सर्वच मासे परत सोडण्याचा नियम करतात. गाठी असलेली जाळी वापरण्यास बंदी आहे, कारण गाठींमुळे माशाचे खवले व त्यावरील चिकट संरक्षक थर निघतो. स्पर्धेत मासे वजन होईपर्यंत कीपनेट या पाण्यात बुडवलेल्या लांब जाळ्यात ठेवतात. मोठ्या माशांसाठी मऊ चटई अंथरली जाते. टोकाजवळ उलटा काटा नसलेला गळ चटकन निघतो, म्हणून अनेक तळ्यांवर तोच सक्तीचा असतो. माशांना होणारी इजा व ताण यांवरून प्राणिहक्कवादी या छंदावर आक्षेपही घेतात.

पर्यावरण व कायदेशीर लढे

पूर्वी छर्रे शिशाचे असत. हंस अन्न दळण्यासाठी खडे गिळतात. त्यांबरोबर काठावर पडलेले छर्रेही गिळून ते विषबाधेने मरत. टेम्ससारख्या नद्यांवरील हंसांची संख्या घटल्यावर १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशाच्या वजनांची मासेमारीसाठी विक्री बंद करण्यात आली. त्यानंतर हंसांची संख्या पुन्हा वाढली.

इंग्लंडच्या कायद्यात मासेमारीचा हक्क ही मालमत्ता मानली जाते. त्यामुळे पाणी दूषित करणाऱ्यावर हक्कधारक क्लब दावा करू शकतो. या तत्त्वावर क्लबांना मदत करण्यासाठी १९४८ मध्ये जॉन ईस्टवुड यांनी अँग्लर्स को-ऑपरेटिव्ह असोसिएशन स्थापन केली. १९५० च्या दशकाच्या आरंभी डर्बी येथील एका मासेमारी क्लबने डरवेंट नदीच्या प्रदूषणाबद्दल ब्रिटिश सेलनीज ही कंपनी, डर्बी महापालिका आणि वीज प्राधिकरण यांच्यावर दावा लावून मनाई हुकूम मिळवला. ‘प्राइड ऑफ डर्बी’ खटला म्हणून तो आजही विधी अभ्यासात महत्त्वाचा आहे. नदीतील मासा खाण्यासाठी न नेणाऱ्या लोकांनी नदीच्या पाण्यावरील हक्क अशा रीतीने प्रस्थापित केला.

पाणमांजरे कीटकनाशकांमुळे इंग्लंडच्या बऱ्याच भागांतून नाहीशी झाली होती. ती संरक्षणामुळे परतली. नदीच्या दृष्टीने हे शुभचिन्ह असले, तरी मोठे कार्प पाळणाऱ्या तळ्यांच्या मालकांना कुंपणे घालावी लागतात.

सुरक्षितता

कार्बनच्या काठीतून वीज वाहते. उच्च दाबाच्या तारांना ती लागून किंवा तारांच्या फार जवळ जाऊन मृत्यू झाले आहेत. त्यामुळे तारांपासून ३० मीटरच्या आत मासेमारी न करण्याचा सल्ला दिला जातो. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यामुळे होणारा आजार तो हाच. जखम झाकणे व खाण्यापूर्वी हात धुणे आवश्यक असते.

महाराष्ट्राशी संबंध

कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील महसीरची एक जाती नोंदवली गेली. युरोपातील बार्बेलशी असलेल्या साम्यामुळे ती तेव्हा बार्बेलच्याच ‘बार्बस’ या प्रजातीत धरली गेली. आज तिचे शास्त्रीय नाव टोर खुद्री असे आहे. भारतातील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी महसीरला गळाच्या मासेमारीत सॅमनच्या तोडीचे स्थान दिले. त्यामुळे इंग्लंडच्या वर्गीकरणात ‘भरड’ ठरलेल्या गटाचा हा नातेवाईक भारतात शिकारीचा मासा मानला गेला. लोणावळ्याजवळ टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या तलावांलगत महसीरची कृत्रिम पैदास केली जाते. इंग्लंडमध्ये छंदासाठी जपला जाणारा कार्प महाराष्ट्रात मात्र ‘सायप्रिनस’ या नावाने तलावांत वाढवून खाण्यासाठी विकला जातो.