मीम आणि जीवकोटी : एका वर्गीकरणप्रश्नाचा इतिहास

मानवी व्यवहारातून उत्पन्न होणाऱ्या गोष्टींना सजीव मानण्याचा विचार आजचा नाही. इ. स. १८६३ मध्ये आउगुस्ट श्लायखर या जर्मन भाषापंडिताने प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांना उद्देशून एक निबंध प्रसिद्ध केला आणि भाषा या जन्म, वाढ व क्षय पावणाऱ्या नैसर्गिक जीवच होत, असे प्रतिपादन केले. अमेरिकेतील विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी या मताचे खंडन केले. भाषा ही बोलणाऱ्यांच्या वर्तनावर उभी असलेली सामाजिक संस्था होय, असा त्यांचा पक्ष होता.

हाच वाद पुढे नव्या रूपाने अवतरला. १९७६ मध्ये रिचर्ड डॉकिन्स यांनी ‘द सेल्फिश जीन’ या ग्रंथात अनुकरणाने एका मनातून दुसऱ्या मनात जाणाऱ्या सांस्कृतिक घटकास ‘मीम’ ही संज्ञा दिली. मीम केवळ रूपकार्थाने नव्हे, तर शास्त्रीय अर्थानेही सजीव रचना मानावे, ही निकोलस हम्फ्री यांची सूचनाही त्यांनी तेथे नमूद केली.

या पक्षाला सर्वांत सबळ आधार विषाणूंचा मिळतो. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या मोझेक रोगाचा विषाणू स्फटिकरूपात मिळविला. रसायनाप्रमाणे स्फटिक होणारा हा पदार्थ जिवंत पेशीत शिरताच आपल्या प्रती निर्माण करीत होता. १९६६ मध्ये विषाणूंच्या नामकरणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. ते सजीव की निर्जीव, याचा निर्णय न लागताच त्यांचे वर्गीकरण सुरू झाले. मग मीमच का वगळावे?

याचे उत्तर पाठचिकित्सेच्या इतिहासात सापडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तीही १९६६ मध्येच पूर्णत्वास गेली. वि. सी. सुकथनकर यांनी हस्तलिखितांच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरा व त्यांच्या शाखा निश्चित केल्या. त्याचबरोबर पोथ्यांत पाठांचे संकर झाल्याचेही दाखविले. नकलकाराचा प्रमाद पुढील प्रतीत उतरतो, म्हणून पोथ्यांचा वंशवृक्ष मांडता येतो. परंतु त्यामुळे पोथी सजीव ठरत नाही. वंशपरंपरा असणे आणि जीव असणे या दोन भिन्न गोष्टी होत. शिवाय, विषाणूला निश्चित जनुकद्रव्य असते. मीमाचा घटक कोणता मानावा? संपूर्ण गीत, त्याचे ध्रुपद, की केवळ चाल? यावर एकमत नाही. आणि घटकच अनिश्चित असेल, तर जाती ठरविणार कशाच्या आधारे?

इतिहासाच्या अभ्यासकाला हा वाद परका नाही. अफवा स्वतःच्या बळावर जगते व पसरते असे मानले, तर ती कोणी रचली, कोणी पुढे नेली आणि कोणत्या हेतूने, हे प्रश्न गौण ठरतात. नकलकार दृष्टीआड झाला की त्याचे उत्तरदायित्वही दृष्टीआड होते. मीम ही संज्ञा प्रसाराचे वर्णन करण्यास उपयुक्त आहे. परंतु जीवकोटीत तिला स्थान देण्याइतका पुरावा नाही. व्हिटनी यांचा आक्षेप अद्याप अबाधित आहे.