त्रुटिनिवारक संकेत : संकेतलेखक मंडलांचा विकास

संदेश दूर पाठविताना अथवा साठवून ठेवताना गोंगाटामुळे त्यातील काही अंक बदलतात. हे बदल ग्राही टोकास ओळखून दुरुस्त करता यावेत म्हणून मूळ अंकांना ठराविक नियमाने जादा अंक जोडतात. अशा नियमास त्रुटिनिवारक संकेत आणि जादा अंक काढून देणाऱ्या मंडलास संकेतलेखक म्हणतात. संकेताचे सामर्थ्य गणिताने सिद्ध होते. तो व्यवहारात उतरतो की नाही, हे मात्र बहुधा संकेतलेखक किती थोड्या घटकांत बसतो यावरून ठरते.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये असे सिद्ध केले की, गोंगाट असलेल्या मार्गानेही, एका मर्यादेतील वेगाने, हवी तितकी निर्दोष माहिती पाठविणे शक्य आहे. मात्र त्यासाठी लागणारा संकेत कसा रचावा, हे त्या सिद्धतेतून कळत नव्हते. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये एक त्रुटी सुधारणारे संकेत प्रसिद्ध केले. दोन संकेतशब्दांत जितक्या स्थानी अंक भिन्न असतात ती संख्या म्हणजे त्यांमधील अंतर, ही त्यांची कल्पना पुढील सर्व कार्याचा पाया ठरली.

या विषयाला महत्त्वाची भर प्रयोगांच्या अभिकल्पातून, म्हणजे शेतातील वाफ्यांवर खते व बियाणे यांची तुलना कशी मांडावी या प्रश्नातून उपजलेल्या गणितातून, मिळाली. राजचंद्र बोस यांनी कलकत्त्यास या शाखेत मोठे कार्य केले होते. ते अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेल्यावर शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० मध्ये डॉक्टरेट मिळविली. श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर येथे व शिक्षण नागपुरास झाले. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते. बोस, श्रीखंडे आणि ई. टी. पार्कर यांनी लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलर यांचे १७८२ मधील अनुमान १९५९ मध्ये खोटे ठरविले. त्या गाजलेल्या शोधापुढे त्याच वर्षीचा बोस-श्रीखंडे यांचा संकेतरचनेवरील लेख झाकोळला गेला, हे काहीसे अन्यायाचे झाले. लांबी ४न व किमान अंतर २न असलेल्या संकेतात जास्तीत जास्त ८न शब्द मावतात, हे प्लॉटकिन यांच्या कार्यावरून माहीत होते. नेमके ८न शब्द मिळणे आणि ४न क्रमाचा आदामार आव्यूह अस्तित्वात असणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असे या लेखाने दाखविले.

न = ८ घेतल्यास ३२ अंकी ६४ शब्द मिळतात व किमान अंतर १६ असल्याने प्रत्येक शब्दातील ७ त्रुटी सुधारता येतात. रीड-म्युलर कुलातील याच मापाचा संकेत १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या मरिनर-९ या यानाने छायाचित्रे पाठविण्यास वापरला. यानावर वजन व वीज दोन्ही तोलूनमापून वापरावी लागतात. म्हणून त्याचा लेखक पाहण्यासारखा आहे. ० ते ३१ मोजणारा पाच पायऱ्यांचा गणित्र, त्याच्या प्रत्येक पायरीस संदेशाच्या एकेका अंकाने गुणणारी पाच द्वारे आणि त्या गुणाकारांत संदेशाचा सहावा अंक मिळविणारा बेरीजकार एवढ्यावर काम भागते. या बेरजेत १ आणि १ मिळून ० होतात व हातचा राहत नाही. अवघड उलगडा पृथ्वीवरील यंत्राकडे सोपविला होता. सहा अंकांसाठी बत्तीस पाठविणे ही उधळपट्टी खरी, परंतु त्या अंतरावरून ती परवडणारी होती.

अधिक काटकसरी संकेतांसाठी दुसरा मार्ग सापडला. ज्या संकेतात शब्दाचे अंक चक्राकार सरकविले असता पुन्हा संकेतशब्दच मिळतो तो चक्रीय संकेत होय. १९५७ मध्ये युजीन प्रेंज यांनी त्यांचा अभ्यास केला. येथे संदेश म्हणजे एक बहुपदी मानून तिला ठरलेल्या बहुपदीने भागतात. जी बाकी उरते तेच जादा अंक. हा भागाकार करण्यास शिफ्ट रजिस्टर, म्हणजे दर ठोक्यास अंक एक घर पुढे सरकविणारी घरांची ओळ, आणि शेवटच्या घरातून मागे आणलेल्या काही तारा पुरतात. ओकेन्हेम (१९५९) आणि बोस व राय-चौधरी (१९६०) यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या संकेतांपैकी १५ अंकी, दोन त्रुटी सुधारणाऱ्या संकेतास आठ घरे लागतात. त्यात संदेशाचे अंक सात. सर्व १२८ शब्दांची यादी साठविण्याची गरज उरत नाही. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी ही मंडले पद्धतशीरपणे मांडली. १९६१ मध्ये त्यांनी व ब्राउन यांनी वर्णिलेली चक्रीय तपासणी पुढे संगणकांच्या जाळ्यांत सर्वत्र रूढ झाली.

रीड व सॉलोमन यांच्या १९६० मधील संकेतात एकेका अंकाऐवजी अंकगट हे एकक असते. २५५ गटांच्या प्रचलित संकेतात २२३ गट संदेशाचे व ३२ तपासणीचे असतात, म्हणजे भार सुमारे १४ टक्के. मात्र मागे आणलेल्या प्रत्येक तारेवर सांत क्षेत्रातील गुणक बसवावा लागे. एल्विन बर्लेकँप यांनी १९८२ मध्ये पायांची चतुर निवड करून हे गुणाकार एकेक अंकाने, फारच थोड्या द्वारांत होतील अशी रचना दिली. व्हॉयेजर-२ ने १९८६ मध्ये युरेनसची चित्रे पाठविली ती रीड-सॉलोमन संकेताच्या साहाय्यानेच.

रॉबर्ट गॅलेगर यांचे विरळ तपासणीचे संकेत (१९६२) याच्या उलट बाजूने अडले. त्यांच्या तपासणी-आव्यूहात १ हे अंक तुरळक असतात, त्यामुळे उलगडा सुलभ होतो. पण त्यावरून काढलेला लेखनाचा आव्यूह दाट भरतो व घटकांची संख्या लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्या काळच्या यंत्रांना न पेलल्याने हे संकेत बहुतांशी विस्मृतीत गेले आणि १९९० नंतरच्या दशकात पुन्हा पुढे आले. रिचर्डसन व उर्बांके यांनी २००१ मध्ये तपासणी-आव्यूह जवळजवळ त्रिकोणी करून हा खर्च पुष्कळ खाली आणला. आव्यूह चक्रीय तुकड्यांचा जुळविला की पुन्हा शिफ्ट रजिस्टरच कामी येते. पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनीतील विरळ संकेतांचे आव्यूह तर रचतानाच लेखनाच्या सोयीने बेतलेले आहेत : प्रथम चार गटांचे तपासणी-अंक काढले की उरलेला प्रत्येक अंक एका बेरजेने मिळतो.