क्रेसिंगची दोन कोठारे

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, राजवाडे आणि देवळे उभी राहतात. धान्याच्या कोठाराविषयी बोलायला कोणी उभा राहिला तर पहिल्या पाच मिनिटांत मागच्या खुर्च्या हलू लागतात, हे मला ठाऊक आहे. माझे आयुष्य गिरण्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात गेले. त्यामुळे खुर्च्या हलल्या तरी मी थांबत नाही.

इंग्लंडच्या पूर्व भागात एसेक्स नावाचा परगणा आहे. तेथील क्रेसिंगची जमीन 1137 साली राजा स्टीफनची राणी मटिल्डा हिने टेंपलर नावाच्या लढवय्या साधूंच्या पंथाला दान दिली. या पंथाची युद्धे चालत पॅलेस्टाइनकडे; त्यांचा खर्च मात्र अशा शेतांच्या उत्पन्नातून निघे. ते उत्पन्न साठवण्यासाठी ओकच्या लाकडाची दोन प्रचंड कोठारे उभी राहिली. एकाला सातूचे कोठार म्हणतात, दुसऱ्याला गव्हाचे. दोन्ही आजही जागच्या जागी आहेत. शेजारचे शेतघर आणि धान्यघर हीही लाकडी सांगाड्याचीच, पण ती कित्येक शतके नंतरची.

गव्हाचे कोठार सुमारे 130 फूट लांब आणि 40 फूट रुंद आहे. आत खांबांच्या दोन रांगा, मधे उंच मोकळी जागा आणि दोन्ही अंगांना बुटक्या पडव्या. चर्चमध्ये जशी मांडणी असते तशीच ही. सारा भार खांब, तुळया आणि तिरके आधार यांवर. भिंत केवळ वारा-पाऊस अडविण्यापुरती. अशा कोठाराच्या उंच दारातून भरलेली गाडी थेट आत येई. दारासमोरची मोकळी जागा म्हणजे खळे. हिवाळाभर तेथे मजूर काठ्यांनी धान्य झोडपीत, आणि दारे उघडली की आत येणाऱ्या वाऱ्यावर उफणणी होई. आपल्याकडे उघड्या खळ्यावर वाऱ्याची वाट पाहत उभे राहिलेल्यांना छपराखालच्या या सोयीची किंमत लगेच कळेल.

एकेका कोठाराला साडेचारशेहून अधिक ओक लागले, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे. हे लाकूड ओलेच घडवीत, कारण ओला ओक हत्याराला वश होतो आणि वाळला की लोखंडासारखा होतो. खांबाच्या टोकाला कुसू काढायचे, तुळईत त्या मापाचे भोक पाडायचे, दोन्ही एकात एक बसवून आरपार ओकची खुंटी ठोकायची. चांगला सुतार खुंटीची छिद्रे एकमेकांसमोर अगदी नेमकी पाडीत नसे. किंचित पुढेमागे ठेवी. खुंटी आत शिरताना सांधा आपोआप आवळला जाई. याहून जुनी एक रीत होती. एक लाकूड दुसऱ्याच्या अंगावर अर्धे बसवायचे आणि कडेला खाच ठेवायची, म्हणजे ताण पडला तरी ते निसटणार नाही. ही खाचेची रीत तेराव्या शतकानंतर मागे पडत गेली.

आता प्रश्न येतो काळाचा. ही कोठारे बांधणाऱ्या सुतारांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. पूर्वी या इमारती बऱ्याच अलीकडच्या मानल्या जात. एवढे जुने लाकूडकाम शेतावर टिकेल, यावर विश्वास बसत नसावा. सेसिल ह्युएट नावाचे एक गृहस्थ शाळेत हस्तकला शिकवीत असत. त्यांनी एसेक्समधील जुन्या छपरांखाली शिरून सांधे पाहिले, मोजले, त्यांची चित्रे काढली आणि सांधा कसा बदलत गेला यावरून इमारतींचा काळ ठरविण्याची पद्धत बसविली. त्यांचे पुस्तक 1969 साली निघाले. त्यांनी सांगितलेला काळ फार मागे जातो म्हणून विद्वानांनी शंका घेतल्या. पुढे लाकडातील वार्षिक वलये मोजण्याचे शास्त्र आले. त्याने सातूचे कोठार 1205 ते 1235 च्या दरम्यानचे आणि गव्हाचे 1257 ते 1290 च्या दरम्यानचे ठरविले. ह्युएट यांच्या मताला बळकटी आली. ज्याने स्वतः हातात पटाशी धरली आहे त्याला पटाशीचा घाव वाचता येतो, यात मला तरी नवल वाटत नाही.

इमारत कोणी घडविली हे पाहिले. आत कोणाचा माल साठे, हेही पाहिले पाहिजे. टेंपलर पंथ 1312 साली मोडीत निघाला आणि क्रेसिंग हॉस्पिटलर नावाच्या दुसऱ्या लढवय्या पंथाकडे गेले. 1348 साली इंग्लंडात महामारी आली. माणसे मेली, मजूर दुर्मिळ झाले, मजुरी वाढू लागली. तेव्हा 1351 साली पार्लमेंटने कायदा करून मजुरी महामारीपूर्वीच्या दराला बांधून टाकली. त्यात सुतारांचाही दर आहे: मुख्य सुताराला दिवसाला 3 पेन्स, इतरांना 2. त्यावर 1380 साली माणशी एक शिलिंग डोईपट्टी बसली. हिशेब करा, साध्या सुताराची ही सहा दिवसांची मजुरी झाली.

मे 1381 च्या अखेरीस एसेक्समधील ब्रेंटवुड येथे ठिणगी पडली. त्या वेळी राज्याचा खजिनदार रॉबर्ट हेल्स होता, आणि इंग्लंडातील हॉस्पिटलर पंथाचा प्रमुखही तोच. 10 जूनला लोकांनी क्रेसिंगवर चाल केली आणि तेथील त्याचे निवासस्थान लुटून उद्ध्वस्त केले. चार दिवसांनी लंडनमध्ये हेल्सचा शिरच्छेद झाला. बंड मोडले गेले, पुढारी मारले गेले. कोठारे मात्र उभी राहिली. आतले धान्य आपल्याच हातचे आहे हे त्या माणसांना कळत असावे, असे मी समजतो. कोणी याला माझ्या धंद्याचा पक्षपात म्हटले तरी चालेल.

1987 साली एसेक्सच्या काउंटी कौन्सिलने ही जागा विकत घेतली. तेव्हा कोणाचा मुलगा-मुलगी तिकडे असेल आणि तुमचे जाणे झालेच, तर नुसते छपराकडे पाहून बाहेर पडू नका. खांब आणि तुळई जेथे मिळतात तेथे मान वर करून थोडा वेळ थांबा, आणि खुंटी कोठून आत गेली ते शोधा.