तबकडीचा पुनर्जन्म

१९०२ च्या नोव्हेंबरात गौहरजान कलकत्त्यात गायल्या. त्यांच्या तबकड्या मात्र छापून आल्या जर्मनीतील हानोव्हरहून. गळा आपला, तबकडीला लागणारी लाखही बहुतेक आपल्याच रानांतली, आणि ठसा तेवढा परक्याचा! १९०८ साली सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा कुठे ही येरझार थांबली.

पुढे लाखेच्या जागी प्लॅस्टिक आले आणि नंतर कॅसेट-सीडीच्या लोंढ्यात खुद्द तबकडीच माळ्यावर गेली. पण काळाची गंमत पाहा: २०२२ साली अमेरिकेत तबकड्या सीडींहून अधिक खपल्या, १९८७ नंतर प्रथमच!

गिऱ्हाईक परतले, पण माल घडवायचा कुणी? रीत अजून जुनीच. ॲल्युमिनियमच्या थाळीवरील मऊ लेपात सुई नागमोडी रेघ कोरते. तिच्यावर चांदीचा फवारा, मग निकेलचा थर. तो सोलला की उलटा ठसा मिळतो आणि दाबयंत्रात तापलेल्या प्लॅस्टिकवर उमटतो. अशा कोऱ्या थाळ्या करणारे कारखाने जगात दोनच उरले होते. मागणी वाढत असतानाच, ६ फेब्रुवारी २०२० रोजी, त्यांतला कॅलिफोर्नियातील बॅनिंगचा कारखाना आगीत भस्मसात झाला. सारा भार जपानमधल्या दुसऱ्यावर पडला.

उलट, चेक देशातील लोद्येनित्सेच्या कारखान्याने १९५१ पासूनची ही विद्या पडत्या काळातही टाकली नाही; आज तो जगातील अग्रगण्य कारखान्यांत गणला जातो. वाचकहो, रसिक परत येतात. पण तोवर कुणीतरी चूल विझू न देता बसलेले असावे लागते.