संघ एका मुलखांतला, अंमल दुसऱ्याचा

खानदेशाचे जुने कागद चाळणारास एकाच टापूंत दोन सरकारांचा अंमल आढळला तर नवल वाटत नाहीं. इ. स. १८१८ त खानदेश इंग्रजांकडे गेला, तरी चोपडें, यावल व पाचोरा येथें शिंद्यांचा अंमल १८४४ पर्यंत होता. असाच प्रकार खेळाच्या दप्तरांतही आढळतो, पण तिकडे संशोधकांचें लक्ष क्वचितच जातें.

ट्वीड नदीच्या मुखाशीं असलेलें बेरिक हें शहर १४८२ पासून इंग्लंडकडे आहे. परंतु तेथील ‘बेरिक रेंजर्स’ हा फुटबॉल संघ १९५१ त स्कॉटलंडच्या लीगमध्यें दाखल झाला, आणि १९६७ त ग्लासगोच्या बलाढ्य रेंजर्सना त्यानें एका गोलानें हरविलें. तेथें शेजाराची सोय होती, तंटा नव्हता.

डेरी सिटीचें प्रकरण याहून कठीण. आयर्लंड १९२१ त दुभंगलें, तेव्हां डेरी शहर उत्तरेकडे, पण सरहद्दीच्या अगदीं लगत राहिलें. १९२८ त स्थापन झालेल्या या संघानें १९६५ त उत्तरेची लीग जिंकली होती. पुढें शहरांत दंगे माजले. १९७१ त पाहुण्या संघाची बस जाळण्यांत आली, आणि डेरीस आपले ‘घरचे’ सामने सुमारें तीस मैलांवरील कोलरेन येथें खेळावे लागले. पुढल्या वर्षीं सुरक्षादलांची हरकत उरली नाहीं. तरीही इतर संघांनीं एका मताच्या फरकानें डेरीस स्वतःच्या मैदानावर परतूं दिलें नाहीं. ऑक्टोबर १९७२ त संघ लीगमधून बाहेर पडला. तेरा वर्षें त्याचें नांव केवळ किरकोळ स्थानिक सामन्यांत टिकून होतें. अखेर १९८५ त, बेलफास्टच्या मंडळाची संमति व जागतिक संघटनेची मुभा मिळवून, तो दक्षिणेच्या लीगमध्यें शिरला, आणि १९८८-८९ त तेथील तिन्ही प्रमुख करंडक त्यानें जिंकले. यास देशांतर म्हणावें काय? मैदान तेंच, प्रेक्षकही तेच. बदललें तें कोणत्या दप्तरांत नांव लागावें एवढेंच. आमचे मतें हें शिंदेशाही परगण्यासारखेंच आहे. फरक इतकाच कीं परगण्याची संमति कोणी विचारली नव्हती.

आपल्याकडेही असे अवशेष आहेत. मात्र ते क्रिकेटचे. धुळ्याहून आग्रा रस्त्यानें शिरपूर ओलांडून सेंधव्यास गेलें कीं होळकरांचें राज्य लागे. तें संस्थान १९४८ त मध्यभारतांत विलीन झालें; परंतु रणजी करंडकांत होळकर संघ १९५४-५५ पर्यंत त्याच नांवानें खेळला, आणि १९५०-५१ व १९५२-५३ चीं त्याचीं अजिंक्यपदें तर संस्थान गेल्यानंतरचीं आहेत! पूर्वेसही तसेंच. भुसावळचा खेळाडू पुण्याच्या महाराष्ट्र मंडळाखालीं येतो, तर त्याच लोहमार्गावरील मलकापूरचा, एकाच राज्यांत असूनही, नागपूरच्या विदर्भ मंडळाखालीं. खानदेश व वऱ्हाड यांची जुनी शीव महसुलाच्या नकाशांत आज जिल्ह्याची हद्द झाली आहे. खेळाच्या दप्तरांत ती अजून सुभ्याची आहे.

म्हणून विनंति इतकीच कीं, जळगांव-धुळें भागांतील जुन्या क्रीडामंडळांचीं इतिवृत्तें, वर्गणीच्या पावत्या किंवा सामन्यांचे प्रवेशपत्र कोणा संग्राहकाजवळ असल्यास, खेळाचे कागद म्हणून ते रद्दींत जाऊं देऊं नयेत.