‘देवळालीचा ताप’ : एका शब्दाचा आणि एका दुखण्याचा इतिहास

इंग्रजी बोलीभाषेत ‘डूलॅली’ असे एक विशेषण आहे. एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही, तो भ्रमिष्टासारखा वागतो, असे थट्टेने सांगावयाचे असता ते योजतात. हा शब्द म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचे नाव होय, हे तो वापरणाऱ्या बहुतेकांस ठाऊक नसते. नाशिककरांपैकीही ते थोड्यांनाच ठाऊक असावे. पुण्यात सुरू झालेल्या एका बिअरगृहाने हेच नाव धारण केले, तेव्हा शब्द महाराष्ट्रात परतला खरा, पण कोणाच्या दुःखातून तो निघाला याची आठवण मागे ठेवून परतला.

स्थलनामाचे सामान्यनाम होणे आपल्याला अपरिचित नाही. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर मराठीत ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. परंतु पानिपतावर लढाई झाली होती. देवळालीच्या शब्दाशी कोणत्याही लढाईचा संबंध नाही. येथे शिपाई लढावयास नव्हे, तर नोकरी संपवून घरी जाण्यासाठी येत असत. शिपायाच्या मनोविकारास रणांगणाचे नाव न मिळता प्रतीक्षेच्या जागेचे नाव मिळावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

देवळालीची छावणी १८६१ च्या सुमारास वसली. मुदत भरलेल्या गोऱ्या सोजिरांना हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांतील पलटणींतून येथे आणीत आणि मुंबईहून आगबोट मिळेपर्यंत ठेवीत. सैन्य नेणाऱ्या बोटींचा हंगाम शरद ऋतूपासून वसंतापर्यंतचा असे. त्यामुळे ज्याची मुदत हंगाम उलटल्यावर भरे, त्याला पुढील बोटीसाठी कित्येक महिने तिष्ठत बसावे लागे. कवाईत नाही, पहारा नाही, शत्रू नाही. दिवस मात्र तेवढेच लांब. रॉयल वेल्श फ्युसिलिअर्समध्ये शिपाईगिरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्सने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आपल्या आठवणींत या छावणीचे वर्णन केले आहे. वर्षानुवर्षे निष्कलंक नोकरी केलेली माणसे येथे येऊन बिघडत, कोणी तुरुंगात जाई, कोणी इस्पितळात, असे तो सांगतो. विक्षिप्त वागणाऱ्याला ‘देवळालीचा ताप’ झाला असे म्हणण्याची चाल छावणीतील या कंटाळ्यातून पडली असावी, असे त्याचे मत आहे. ते तो तर्क म्हणून मांडतो, हे अभ्यासकाने विसरू नये. तथापि साक्ष एका शिपायाची आहे, वैद्याची किंवा अधिकाऱ्याची नव्हे, आणि हेच तिचे मोल.

आता शब्दाकडे वळू. ‘देवळाली’ या नावाचा पूर्वभाग उघडच ‘देऊळ’ हा आहे. संस्कृत ‘देवकुल’ हे त्याचे मूळ. इंग्रजी उच्चारात ‘ळ’ नाही, म्हणून ‘ळ’ आणि ‘ल’ या दोहोंचा एकच ‘ल’ झाला. ‘देव’ मधील स्वर आखडून ‘डू’ झाला आणि आघात दुसऱ्या अक्षरावर गेला. मूळ प्रयोग मात्र एकपदी नव्हता. १९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिकी शब्दांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात ‘डूलॅली टॅप’ असे जोडपद आहे. यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. इंग्रज शिपायाने तो ज्वर या अर्थी उचलला. मराठीत मात्र या शब्दाची व्याप्ती फार मोठी आहे. अंगाला ताप असतो तसा डोक्यालाही असतो; माणूस दुसऱ्याला ताप देतो; संताप आणि अनुताप ही त्याच घराण्यातील पदे; आणि आपल्या परंपरेने आध्यात्मिक, आधिभौतिक व आधिदैविक असे तापाचे तीन प्रकारच मानले आहेत. देह आणि मन यांत भेद न करणारा हा शब्द त्या विकाराला इंग्रजीतील कोणत्याही तत्कालीन शब्दापेक्षा अधिक शोभणारा होता. पुढे घडले ते असे की जोडपदातील ‘ताप’ गळून पडला आणि गावाचे नाव तेवढे उरले. दुखणे सांगणारा अवयव गेला, थट्टा करणारा राहिला.

शिपायांच्या मनोव्यथेस वैद्यकाने दिलेल्या नावांचा इतिहास याहून फार वेगळा नाही. परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस लोकांच्या घरओढीला योहानेस होफर याने १६८८ साली ‘नॉस्टॅल्जिया’ हा रोग ठरविले. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्सने ‘शेल शॉक’ ही संज्ञा ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात योजली. १९१७ पर्यंत लष्कराने तिच्या वापरावर निर्बंध घातले होते. कारण समजण्यासारखे आहे. दुखण्याला नाव मिळाले की त्याच्यापाठोपाठ निवृत्तिवेतनाचा हक्क येतो. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन शिपायांच्या चळवळीचा हातभार लागून १९८० साली ‘आघातोत्तर तणाव-विकार’ ही संज्ञा अमेरिकेच्या अधिकृत रोगवर्गीकरणात आली. १९९२ मध्ये ज्यूडिथ हर्मन यांनी दाखविले की एकाच भीषण प्रसंगाचा आघात वेगळा, आणि जेथून सुटका नाही अशा स्थितीत दीर्घकाळ सोसलेला आघात वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणात ‘जटिल आघातोत्तर तणाव-विकार’ स्वतंत्र ठरला आहे. प्रसंगाचे पुन्हा अनुभवास येणे, त्याची आठवण टाळणे आणि सतत धोका वाटणे या तीन लक्षणांखेरीज त्यात भावनांवरील ताबा सुटणे, स्वतःला हीन लेखणे आणि आप्तांशी नाते न जुळणे यांचा समावेश होतो.

या नव्या संज्ञेचा दिवा घेऊन जुन्या देवळालीत शिरावयाचे, हा मोह आवरला पाहिजे. तेथील माणसांच्या वागण्यात दारू होती, हिवताप होता, ऊन होते, गुप्तरोग होते. त्या सर्वांवर आज एका निदानाचा शिक्का मारणे हा इतिहास नव्हे. मात्र एवढे खरे की नोकरीची शिस्त असेपर्यंत जे आत दाबलेले होते ते शिस्त सुटताच वर आले, आणि बरोबरीच्या शिपायांनी ते पाहून त्याला नाव दिले.

हे नाव गोऱ्या शिपायाचे. मराठी शिपायाने त्याहून कमी सोसले असे नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत येथे तुर्कांचा वेढा पडला. अन्न सरले, घोड्याचे मांस खाण्यास अनेक हिंदी शिपाई दीर्घकाळ तयार नव्हते, स्कर्व्ही पसरली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोक शरण गेले आणि पुढे वाळवंटातील वाटचाल, रेल्वेच्या कामावरील मजुरी व कैद असे अडीच वर्षांचे भोग आले. दीर्घकाळ आणि सुटकेची आशा नसताना सोसलेला आघात याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते? जे जगून गावी परतले, त्यांच्या शौर्याची नोंद पलटणींच्या इतिहासांत मिळते. त्यांच्या रात्रींसाठी मात्र तेथे रकाना नव्हता.

रकाना नव्हता, पण भाषा होती, आणि ती छावणीच्या इंग्रजीपेक्षा सूक्ष्म होती. ‘डोके फिरले’ या प्रयोगात कर्ता डोके आहे, माणूस नव्हे. ‘बाधा झाली’, ‘झपाटले’ यांत कारण बाहेरचे आहे. माणूस निर्दोष ठरतो, परंतु उपाय वैद्याऐवजी देवऋष्याकडे जातो. ‘हाय खाल्ली’ आणि ‘धसका घेतला’ हे प्रयोग मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतात. ‘छातीत धस्स होणे’ ही क्षणाची गोष्ट; ‘धसका’ म्हणजे तो क्षण माणसाने आत घेतला आणि तो आत राहिला. पानिपतानंतर पाच महिन्यांतच, जून १७६१ मध्ये, पर्वतीवर नानासाहेब पेशव्यांचा अंत झाला, तो पराभवाचा धसका घेतल्याने, असे मराठीत आजही सांगतात. आघाताचे परिणाम मागाहून, घरी, शांततेच्या काळात उमटतात हे या शब्दाला पूर्वीपासून माहीत आहे.

तेव्हा ‘आघातोत्तर’ ही पारिभाषिक संज्ञा कोशापुरती ठीक असली, तरी रोग्याच्या घरी ‘धसका’च विचारला पाहिजे, असे मला वाटते. प्रश्न पुस्तकी नाही. देवळालीत आज तोफखान्याची प्रशिक्षणसंस्था आहे, नाशिक रोडला तोफखान्याचे केंद्र आहे, आणि नोकरी संपवून या परिसरात स्थायिक झालेली माजी सैनिकांची कुटुंबे पुष्कळ आहेत. २००३ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र अंशदायी आरोग्ययोजना आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा उपचाराचा हक्कही दिला आहे. ‘वेडा’ या एका शब्दाच्या धाकाने तो हक्क मागावयास कोणी जात नसेल, तर कायद्याचा उपयोग काय?

आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे जवळचे क्षेत्र उपलब्ध आहे. देवळाली, भगूर, नाशिक रोड आणि सिन्नरकडील गावांत माजी सैनिकांच्या घरी झोप न लागणे, दचकून उठणे, गप्प राहणे, अकारण संतापणे यांसाठी कोणते शब्द चालतात ते टिपावे. माहिती देणाराचे नाव टिपू नये. प्रत्येक शब्दापुढे तो कोणी उच्चारला हे मात्र लिहावे : शिपायाने स्वतःविषयी, पत्नीने त्याच्याविषयी, की शेजाऱ्याने त्याच्या पाठीमागे. ‘ताप’ हा शब्द या तिघांपैकी कोणाच्या तोंडी अजून आहे, हे प्रथम पाहावे.